शेटजींच्या भिंतीवरची गल्ली

३ मार्च, सोमवार

डोकं इतकं तापलंय की चहासुद्धा नको वाटतोय, म्हणून वही काढली.

सकाळी नेहमीप्रमाणे फळा पुसून सुविचार लिहीत होते. राधेश्याम शेटजी आपल्या आडत दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "सत्यशीलाबाई, पाडव्यापासून ही भिंत जाहिरातवाल्यास देऊन राह्यलो. प्रेमनं बोलणी केली. मोठा फ्लेक्स लागनार, लायटीचा. तुमचा खडू-डस्टर उचला मंग."

हा फळा म्हणजे शेटजींच्या दुकानाच्या गल्लीकडच्या भिंतीवर रंगवलेला काळा चौकोन. कधीकाळी तरुण मंडळाने रंगवला होता. त्या मंडळातले तरुण आता आजोबा व्हायला आले, आणि कित्येक वर्षं रोज सकाळी तिथे मी लिहिते. सुविचार, नळ कधी येणार, कोणाकडे बारसं, कोण गेलं. जुन्या जालन्याच्या या गल्लीत 'गोरक्षनाथची बायको' यापलीकडे माझी जी काही ओळख आहे ती त्या चौकोनामुळे. तो गेला तर मी सकाळी उठून करायचं काय? नुसत्या पोळ्या?

"का म्हणून?" मी विचारलं.

"कोन वाचतं बाई? बिलकुल कोनी वाचत न्हाई. मागल्या सोमवारी आईवर लिहिलं, मंगळवारी पाण्यावर, बुधवारी परिश्रमावर, त्यातला श्र तुम्ही दोनदा खोडला. गुरुवारी निसतंच 'नळ येणार' लिहिलं आन नळ आला न्हाई. कोनी वाचलं? कोनी न्हाई."

असा तोंडावर अपमान! खडूची पेटी उचलून तरातरा घरी आले. माणसाला अक्षराची काडीची किंमत नाही.

४ मार्च, मंगळवार

आमच्या ह्यांना सांगितलं. हे बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला असतात, दमून येतात. जेवता जेवता म्हणाले, "मंग सोड ना. सकाळचं जरा आराम कर."

यांच्याशी दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलंय.

७ मार्च, शुक्रवार

शीतलचे आईवडील जाफराबादहून आले आणि दुपारभर हरवले. शीतल म्हणजे आमच्या समोरच्या घरातली नवी सून. बोलते कमी, पण दारात अशी रांगोळी काढते की दूधवाला गाडी वळवून नेतो. तिच्या सासऱ्यांनी फोनवर पत्ता सांगितला होता, टॉकीजच्या मागं, लिंबाजवळून आत, उषाबाईच्या शेजारी. टॉकीज पाडून वर्षं झाली. लिंब रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. आणि उषाबाई गल्लीत तीन आहेत. आम्हाला मात्र टॉकीजही दिसतं आणि लिंबही, त्यामुळे पत्ता चुकीचा आहे असं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही.

बिचारे जीपमधून उतरून उन्हात हिंडले. दोन चुकीच्या उषाबाईंकडे पाणी प्यायले, एकीने तर जेवायलाच बसवलं होतं. शेवटी शेटजींच्या दुकानात पोत्यांवर येऊन टेकले. मी त्यांना आणायला गेले तर शेटजींनी टोमणा मारलाच.

"बाई, फळ्यावर परिश्रम लिहिता, संयम लिहिता. गल्लीत कोन कुठं राह्यतं ते लिहिलं आसतं तर पाव्हने हरवले नसते. एवढी मोठी भिंत पडून राह्यली बाजूला."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण संध्याकाळी भाकरी थापताना एकदम सुचलं. गल्लीचा नकाशा! फळ्याच्या भोवती, अख्ख्या भिंतीवर, घरन् घर! लोक थांबतील, वाचतील, आणि शेटजींच्या नाकावर टिच्चून भिंत आपली राहील. काय कल्पना सुचली मला! कोणाचीही मदत नाही, आपली आपण.

आनंदाच्या भरात ह्यांच्याशी बोलून गेले.

९ मार्च, रविवार

शीतल आणि थोरल्या उषाबाईंना घेऊन दुकानात गेले. थोरल्या उषाबाई म्हणजे गल्लीच्या वरच्या टोकाच्या. लहानपणी मेंढरांमागे सगळा मुलूख पायाखाली घातलेली बाई, अजून नऊवारीत, अजून ताठ.

शेटजींचा प्रेम गल्ल्यावर होता. मोबाइलमधून मान न उचलता म्हणाला, "काकू, नकाशा मोबाइलवर हाये ना सगळा."

"हाये का?" उषाबाई म्हणाल्या. "मंग त्यात माझं घर दाव."

त्याने शोधलं. आमची अख्खी गल्ली म्हणजे एक करडी रेघ निघाली, आणि ती रेघ मधेच संपली होती. उषाबाई म्हणाल्या, "बघ, मी न्हाईच. हितं उभी हाये ती कोन मंग?"

शेटजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चेहरा पुन्हा आंबट करून म्हणाले, "पाडव्याला कंपनीचा मानूस भिंत बघायला येनार. तवर काय करायचं ते करा. लोक थांबून वाचताना दिसले तर बघू. पन खर्चा मी एक पैशाचा करनार न्हाई, सांगून ठेवतो."

चिक्कू मारवाडी असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

१२ मार्च, बुधवार

आज गल्ली मोजली. माझ्याकडची टेप शिवणकामाची, तिने गल्ली मोजायची म्हणजे पाडवा उलटून दिवाळी आली असती. उषाबाई म्हणाल्या, "आमी मेंढरांभवती वाघरा लावायचो, जाळ्या, तवा जागा लुगड्यानं मोजायचो. दोन बाया, दोन पदर, झालं." मला ही पद्धत फारच आवडली. जल्दी व्हावं म्हणून दोन तुकड्या केल्या. वरची गल्ली उषाबाईंनी मोजली, खालची शीतलने. मी मधे सावलीत बसून दोन्हीकडचे आकडे लिहून घेतले. कोणाचं दार कितव्या लुगड्याला, ओटा कुठे, हापसा कुठे.

शीतलने तो हिशेब आधी जमिनीवर रांगोळीने काढून पाहिला. ठिपके टाकले, दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे एक लुगडं, आणि ठिपके जोडत गेली. बघता बघता आमची गल्ली आमच्याच गल्लीत उतरली. मी त्या पोरीकडे बघतच राहिले.

शेटजींनी भिंतीला चुना मारून घेतला. म्हणे कंपनीच्या माणसाला भिंत स्वच्छ दिसावी. आयतंच फावलं आपलं. फळ्याचा काळा चौकोन तेवढा हमालांनी चुना न लावता सोडला, विसरले असतील.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कानात अजून गुलाबी रंग आहे. शीतलने काल वरच्या गल्लीची बाह्यरेषा भिंतीवर उतरवली होती, ती खराब होईल म्हणून जिवाला घोर. पण शेटजींनी सकाळीच भिंतीला ताडपत्री बांधली. पोत्यांवर रंग उडू नये म्हणून, असं म्हणाले. पोती तर आत होती. म्हातारपणी लक्षात राहत नाही माणसाच्या.

१७ मार्च, सोमवार

घरं काढली, आता त्यांच्यात लिहायचं काय? नुसती नावं लिहिली तर ती मतदार यादी झाली. मी ठरवलं, घराला एक ओळ. ज्याची त्याने सांगायची, मी तासून द्यायची. ओळ एका श्वासात वाचून झाली पाहिजे, आणि स्वतःची स्तुती नको.

हे सांगायला सोपं होतं. अप्पाराव सेवानिवृत्त ग्रामसेवक. त्यांनी ओळ म्हणून दोन पानं आणून दिली. त्यात 'सामाजिक कार्याची आवड', 'निष्कलंक सेवा', आणि कुठल्याशा तालुक्यातल्या सत्काराचं वर्णन. मी म्हटलं, "अप्पाराव, गल्लीतल्या माणसाला तुमच्या घरी काय मिळतं?"

"मान मिळतो," ते म्हणाले.

"ते सोडून?"

आपल्या दोन पानांची घडी घालत म्हणाले, "पेपर. माझा वाचून झाला की समदे नेतेत."

झाली ओळ. 'इथे पेपर येतो. दहानंतर कोणीही न्यावा.' त्यांना पटलं नाही, पण दोन-तीनदा मनाशी म्हणून बघताना मी त्यांना पाहिलं.

मग ओळी येतच राहिल्या. उषाबाईंची, 'ताक मागायला लाजू नये.' कौसल्या शिलाईवालीची, 'ब्लाऊज शनिवारी म्हणजे सोमवारी.' पुण्याला गेलेल्यांच्या बंद घराची ओळ शेजाऱ्यांनीच दिली, 'कुलूप आहे, पण तुळस हिरवी आहे.' काकासाहेब रिक्षावाल्यांची तर मला एक अक्षर तासावं लागलं नाही. 'दवाखान्यात जायचं असेल तर दार वाजवा, वेळ बघू नका.'

आज ही ओळ लिहिली आणि माझे आजवरचे सगळे सुविचार डोळ्यांपुढे आले. कॅलेंडरच्या मागून उतरवलेले. सगळे बरोबर, आणि त्यातला एकही कोणाच्या घरातला नाही.

२० मार्च, गुरुवार

वरची गल्ली रंगवून, लिहून पूर्ण! अक्षर शीतलचं, मजकूर माझा. रंगाचा प्रश्न होता, पण शेटजींकडे पोत्यांवर मार्का मारायचा निळा आणि लाल रंग डबेच्या डबे पडून होता. "वाळून चालला, घेऊन जा," म्हणाले. डब्यांची झाकणं सीलबंद कशी होती कोण जाणे.

आणि आज मोठी गंमत झाली. राधाकिसन भाऊ एकटे असतात, त्यांची ओळ होती, 'बुद्धिबळाला एक गडी कमी आहे.' रंग वाळायच्या आत पलीकडच्या गल्लीतले कल्याणराव बगलेत पट घेऊन हजर. वाचून आले! भिंतीवरून घर शोधत आले! मी मुद्दाम दुकानात जाऊन शेटजींना सांगितलं. ते म्हणाले, "एक मानूस म्हंजे लोक नव्हं, बाई." काय बोलावं या माणसापुढे.

२४ मार्च, सोमवार

सत्यानाश झाला.

खालची गल्ली भिंतीवर उतरवायला घेतली तर ती मावेना. हापशाच्या खालची घरं लांबच लांब होत गेली आणि शेवटची भिंतीबाहेर पडायला लागली. तेवढ्यात अप्पाराव आले. नाक लावून नकाशा बघितला आणि तडकले.

"माझं घर एवढंसं? आन खाली कौसल्याचं बंगल्यावानी? माझं घर तिच्या दीडपट हाये. पायानं मोजतो, चला."

त्यांनी मोजलं. ते बरोबर होते. तरी कोणाला काही कळेना. शेवटी शीतल हळूच म्हणाली, "काकू, उषाआजींनी कशानं मोजलं?"

"लुगड्यानं."

"नऊवारीनं?"

"हो मग."

"मी माझ्या साडीनं."

सगळ्या बायका आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. एकीचं लुगडं नऊ वारांचं, दुसरीची साडी सहाची सुद्धा धड नाही, आणि मी सावलीत बसून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. एवढ्या बायका होत्या तिथे. साड्या नेसण्यात जन्म गेलेल्या. एकीच्याही डोक्यात आलं नाही.

प्रेम दुकानातून बघत होता. म्हणाला, "पप्पा, बोलावतो मी कंपनीवाल्यास जल्दी."

२५ मार्च, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. सगळं पुसायला हवं, ओळींसकट. पाडवा रविवारी.

मनात आलं, ह्यांचं ऐकायला हवं होतं. मी कोण लागून गेले? बारावी झालेली बाई, हातात खडू मिळाला म्हणून लेखिका समजायला लागले. फ्लेक्सवाले निदान मोजून तरी छापतात. मला भिंत हवी होती ती गल्लीसाठी की माझ्या नावासाठी, हेही आज मी स्वतःला विचारलं. उत्तर दोन्ही असं आलं. ते खोडत नाही.

ह्यांनी आज आपण होऊन चहा केला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी उषाबाई दारात. खांद्यावर लुगड्यांचा ढीग. "ऊठ. रडून राह्यली का काय? मोजायचंच कशाला? अंथरू समदी गल्ली."

"म्हणजे?"

"घरोघर नऊवारी हाये का न्हाई ट्रंकेत? आईचं, सासूचं. काढा बाहीर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पदराला पदर लावून अंथरायचं. एकच माप. शीतल वरून बघून काढंल."

मी म्हटलं रस्ता आहे, रिक्षा आहेत, गाड्या आहेत, कोणी ऐकायचं नाही. पण तोवर ट्रंका उघडायला लागल्या होत्या. अंजिरी, हिरवी, मोरपंखी, चौकडीची. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या गल्लीत. कौसल्याने सासूचं लग्नातलं काढलं, ज्याला ती कोणाला हात लावू देत नाही. अप्पारावांच्या घरात नऊवारी नव्हती, तर ते बहिणीकडे जाऊन घेऊन आले आणि स्वतः वाकून अंथरलं. काकासाहेबांनी गल्लीच्या तोंडावर रिक्षा आडवी लावली आणि खाली उतरून वाहतूक अडवली. "दहा मिन्टं थांबा राव, गल्ली मोजून राह्यलो." लोक थांबले! मोटरसायकली बंद करून थांबले, आणि कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

दुकानापुढे तुरीचा ट्रक लागला होता. मला वाटलं आता शेटजी आरडाओरडा करणार. पण ते हमालांना म्हणाले, "ट्रक मागं घ्या. आन कोनी चपलेनं लुगड्यावर पाय देऊ नका, सांगून ठेवतो." शिवाय शीतलला गच्चीवर जायला त्यांचाच जिना उघडून दिला. ट्रक तिथून हलवायचाच असेल त्यांना.

शीतल वर गेली, मीही गेले. खाली बघितलं. ऊन पडलेलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची गल्ली लुगड्यांनी झाकलेली. कडेला सगळ्यांची घरं, प्रत्येक दारात माणसं उभी, माना वर करून आमच्याकडे बघणारी. मी एवढी वर्षं इथे राहते, पण गल्ली मला आज पहिल्यांदा एकदम दिसली. मला हुंदका आला. शीतल मात्र ठिपके टाकत होती. "काकू, बराबर येऊन राह्यली," ती म्हणाली.

दुपारी भिंत पुसली. शेटजींकडे चुन्याची एक बादली उरलेली निघाली. आमचं नशीब जोरावर आहे.

२९ मार्च, शनिवार

झालं! तीन दिवस घरात खिचडीशिवाय काही शिजलं नाही, आणि ह्यांनी तक्रार केली नाही. उलट शिडी धरली.

ओळी दुसऱ्यांदा लिहिताना आणखी तासल्या गेल्या. राधाकिसन भाऊ म्हणाले, आता गडी मिळाला, ओळ बदला. नवी ओळ, 'बुद्धिबळ चालू आहे, बघायला या, बोलू नका.' आमच्या घरासाठी मी फार विचार केला. साहित्यिक असं काही सुचेना. शेवटी लिहिलं, 'उद्याचं पाणी, आजची बातमी, इथे विचारा.' साधीच आहे, पण खरी आहे.

एकच जागा कोरी राहिली, शेटजींच्या दुकानाची. चारदा विचारलं. दरवेळी "दुकानाला पाटी हाये की" म्हणतात. नकाशात भोक पडल्यासारखं दिसतंय. मरू दे.

३० मार्च, रविवार, पाडवा

हात रंगाने बरबटलेत, पण लिहिल्याशिवाय जेवणार नाही.

सकाळी गुढ्या उभारून होतात तो भिंतीपुढे ही गर्दी. माणसं आपलं घर शोधत होती, सापडलं की मोठ्याने वाचत होती, आणि मग शेजाऱ्याचं वाचून हसत होती. इतर गल्ल्यांतून लोक आले. शीतलचे आईवडील आज जाफराबादहून आले ते भिंतीपुढे थांबले, वडिलांनी बोट ठेवून रस्ता बघितला, आणि कोणाला काही न विचारता थेट लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी लांबून त्यांना बघत होते. शीतलने दार उघडलं आणि तिथेच रडायला लागली.

कंपनीचा माणूस आला तो गर्दीमुळे भिंतीपर्यंत पोचेना. मला वाटलं जिंकलो. पण तो काही चिडला नाही. गर्दीकडे बघून त्याचे डोळे चमकले. "प्रेमशेठ, एवढे लोक थांबतात इथे? मग हीच जागा. आमचा फ्लेक्स इथेच लागला पाहिजे, उद्याच."

प्रेम म्हणाला, "पप्पा, बघा, एकदम बराबर जागा हाये."

म्हणजे लोकांना मीच थांबवलं आणि भिंतीचा भाव मीच वाढवला! उषाबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

शेटजी पायरीवरून उतरले. नवीन धोतर, कपाळावर गंध. हळूहळू भिंतीपाशी आले, कोरी जागा बघितली आणि म्हणाले, "सत्यशीलाबाई, माझी ओळ राह्यली की."

"आता काय लिहायचं शेटजी," मी म्हटलं.

"चढा शिडीवर. एका श्वासात झाली पायजे ना? मंग लिहा. भिंत भाड्यानं देनं न्हाई."

"पप्पा!" प्रेम ओरडला.

"आरं, त्यांनी नेम केलाय. स्तुती न्हाई, फकस्त खरं लिहायचं. मी काय करू?"

ह्यांनी शिडी धरली. शीतलने ब्रश माझ्या हातात दिला, "आज अक्षर तुमचं," म्हणाली. मी लिहिलं, 'राधेश्याम आडत दुकान. भिंत भाड्याने देणे नाही.' ओळ जरा तिरकी गेली. खाली गल्ली ओरडत होती, कोणीतरी थाळी बडवत होतं, अप्पाराव टाळ्या वाजवत होते. कंपनीच्या माणसाने जाता जाता फोटो काढला आणि विचारलं की ब्लाऊजचं घर कुठलं. प्रेम थोडा वेळ फुगून उभा होता. मग हळूच पुढे होऊन म्हणाला, "काकू, वरच्या मजल्यावर आम्ही राह्यतो, ते दाखवलंच न्हाई." दाखवू म्हटलं.

मी शिडीवर उभी राहून रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही. एवढा हट्टी माणूस, एवढा रुक्ष, पण मी त्याला वाकवला! नुसत्या लिहिण्याच्या बळावर!

घरी निघाले तेव्हा शेटजी पायरीवरून म्हणाले, "उद्या सकाळी काय लिहून राह्यल्या फळ्यावर?"

मी ऐटीत म्हटलं, "या आणि वाचा."

येतील बहुतेक. मला वाटतं हाच माझा सगळ्यात मोठा विजय आहे. उद्यापासून शेटजींनाही वाचायची गोडी लागणार.